डोंगरावर खड्डे घेण्याआधी

चि. सचिन यास अनेक आशीर्वाद.

पोरांनी मिळून गावच्या डोंगरावर झाडं लावायचं ठरवलंय, हे ऐकून बरं वाटलं. पण टिकाव उचलायच्या आधी डोंगर नीट बघून घ्या. आपली ही बालाघाटची रांग म्हणजे सह्याद्री नाही. पायथ्यापासून जेमतेम १००-२०० मीटर उंची, वर सपाट माथा, वर्षाला ६००-७०० मिलिमीटर पाऊस आणि तोही लहरी. इथं कोकणासारखं रान उभं करायला गेलात तर रोपंही जातील आणि माळही जाईल.

पाणी कुठं मुरतं ते आधी ओळखा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा डोंगर झालाय. विहीर खोदणारे सांगतात तसा काळा पाषाण, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा मऊसर खडक, मधेच गेरूचा तांबडा पट्टा. झिजलेल्या मांजऱ्यात पाणी मुरतं, खालचा पाषाण किंवा गेरू त्याला अडवतो, मग ते आडवं सरकून उतारावर पाझरतं. चैत्रात खालून डोंगराकडं बघ. सगळा उतार वाळलेला असताना करंज-उंबराची हिरवी झाडं जिथं एकाच उंचीवर ओळीनं दिसतील, तिथं तो पाझर आहे. तुमची झाडं तिथं आणि ओढ्या-घळीत लावा: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. मधल्या मुरमाड उतारावर हिवर, खैर, बोर, पळस, तीही विरळ.

माथ्यावर मात्र एकही खड्डा नको. तिथं चार बोटं माती, तिच्याखाली मुरूम. त्या मातीवर गवतच शोभतं, आणि ते गवत हीच या डोंगराची खरी संपत्ती आहे. सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलं म्हणून ती जमीन ओसाड होत नाही. शेडा, पवना, मारवेल ही चांगली गवतं; सतत चराई झाली की ती हटतात आणि कुसळी माजते. कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, म्हणून कुसळी निसवायच्या, म्हणजे तुरा बाहेर पडायच्या, आधी कापा. चांगल्या गवताचं उलटं. त्याचं बी झडू द्या, दिवाळीनंतर वीतभर बुडखा ठेवून कापा. दोन-तीन पावसाळे एवढं पाळलंत तर फरक डोळ्यांनी दिसेल. धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी अशा उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालतात. काळवीट, खोकड, लांडगा यांनाही लांबवर नजर जाणारं रानच लागतं. दाट झाडी केलीत की यांना जागा उरत नाही.

रोपं फुकट मिळतात म्हणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ आणू नका. गिरिपुष्पाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून ते जगलेलं दिसतं. पण त्याच्या दाट सावलीखाली गवत मरतं. सुबाभळीचं बी पसरलं की आवरत नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ आधीच आहे, ती मुळासकट काढा. नुसती तोडली तर दुप्पट फुटते.

समतल चर, म्हणजे एका पातळीत खणलेले आडवे चर, फक्त उतारावर घ्या, ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. कामाला सुरुवात माथ्याकडून करून खाली या. पातळी हायड्रोमार्करनं, म्हणजे पाण्याच्या नळीच्या मापानं, काढा, नजरेच्या अंदाजानं नको. चराचं एक टोक जरा जरी खाली गेलं तर सगळं पाणी तिकडं पळतं, भराव फोडतं आणि तिथंच नवी घळ पडते. माती उताराच्या बाजूला टाका, पण काठापासून वीतभर सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. त्या भरावावर मारवेलचे ठोंब लावा.

हे पाणी नुसतं आपल्या गावाचं नाही, हेही पोरांना सांग. मांजरा आणि सिंदफणा या नद्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळतात. त्याच तालुक्यातली सौताड्याची विंचरणा मात्र सीनेला जाते, म्हणजे भीमेतून कृष्णेला.

चराईबंदीचा ठराव मेंढरंवाल्यांना न विचारता करू नका. डोंगराचे तीन भाग पाडा, दरवर्षी एक बंद, दोन खुले, आणि कोणता आधी बंद ठेवायचा ते त्यांनाच ठरवू द्या. कापणी झाल्यावर बंद भागाभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा, काढा. ग्रामसभा कधी आहे ते कळव.

तुझे आण्णा