कन्व्हर्टर आणि प्रायमर एकाच खोक्यात विकता, मग एकावर एक बसत का नाहीत?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

तुमच्या 'घरच्या घरी गाडी रंगवा' किटबद्दल लिहितोय, तेच लाल खोकं ज्यात रस्ट कन्व्हर्टरची (उरलेल्या गंजाचा पक्का थर बनवणाऱ्या लिक्विडची) बाटली, इपॉक्सी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) डबा, तो कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायचा छोटा हार्डनर आणि थोडे पॉलिश पेपर येतात. कन्व्हर्टरवर मारलेला प्रायमर कडकच होत नाही म्हणून फोन केला, तर तुमच्या माणसाने "सर, सरफेस नीट तयार केला नसेल" एवढं बोलून विषय संपवला. माझा संपलेला नाही, म्हणून आता लेखी.

गाडी वडिलांची मारुती 800. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या अकोट्याच्या सोसायटीत शिरलं तेव्हा निम्म्या दारापर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन, वायरिंग, सीटा तेव्हाच करून घेतल्या, पत्र्याचं राहून गेलं आणि मग हळूहळू दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दाराखालची पट्टी सगळीकडे रंगाला फोड येऊन आतून गंज डोकावायला लागला. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने जो आकडा सांगितला त्यात अशीच दुसरी जुनी 800 आली असती! तेव्हा म्हटलं घरीच करू, मला असल्या कामाची हौसही आहे.

आता 'सरफेस तयार केला नसेल' याबद्दल. गंज वरवरचा होता, पत्रा खाल्लेला नव्हता. आधी स्क्रूड्रायव्हरने सगळीकडे टोचून बघितलं, कुठेही आत गेला नाही. गेला असता तर तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो, तिथे कुठलंच लिक्विड कामाचं नाही. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सुटा गंज उडवला, मग 80 नंबरचा पेपर, मग 180, आणि कडेचा जुना रंग असा उतरता घासला की बोट फिरवलं तर पायरी लागत नाही. उरला तो फक्त पत्र्याच्या बारीक खड्ड्यांतला काळपट गंज, आणि कन्व्हर्टर असतो तो नेमका त्याच्यासाठीच ना. शेवटी थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसून घेतला. यात काय राहिलं ते सांगा.

मग बाटलीवर लिहिलंय तसंच केलं. बाटलीवर हिंदीत ठळक अक्षरात आहे, "लगाइए, 30 मिनट सुखाइए, ऊपर सीधे प्राइमर कीजिए, पानी से धोने की ज़रूरत नहीं". ब्रशने पातळ हात दिला, गंज काळा पडला, काही ठिकाणी पांढरट पावडरीसारखा थर आला, अर्ध्या तासापेक्षा जास्तच थांबलो. प्रायमर आणि हार्डनर डब्यावरच्या मापाने मेजरिंग कपात मोजून मिसळले, सांगितलंय तेवढा वेळ मिश्रण ठेवलं आणि मग गनमधून मारलं.

आता खरी गोष्ट ऐका. बोनेटवर गंज अजिबात नव्हता, फक्त उन्हाने रंग करपला होता, तो खरवडून नुसता पत्रा काढला होता, म्हणजे तिथे कन्व्हर्टर लावायचं कारणच नव्हतं. त्याच दुपारी, त्याच गनने, त्याच कपातलं मिश्रण बोनेटवर पण मारलं. बोनेटवरचा प्रायमर असा कडक बसला की नखाने ओरखडाही उठत नाही. आणि दारांच्या कडांवर, कमानींवर, जिथे जिथे खाली तुमचा कन्व्हर्टर आहे तिथे आठवडा उलटला तरी मऊच, अंगठ्याने ढकललं तर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून निघून येतो आणि खाली पत्र्यावर चिकट राखाडी थर. मिश्रण चुकलं असतं तर बोनेटवरही मऊ राहिलं असतं की नाही? तुमचा माणूस म्हणाला हवेत दमटपणा असेल. अहो, काम उत्तरायणच्या आधीच्या आठवड्यात भर दुपारी कोरड्या उन्हात केलंय, आणि दमटपणा असलाच तर तो काय बोनेट सोडून फक्त दारांवर येऊन बसला?

मग तुमच्या वेबसाइटवरून कन्व्हर्टरची सेफ्टी डेटा शीट (आत कुठली रसायनं आहेत ते सांगणारा कागद) काढली तेव्हा कळलं की त्यात फॉस्फोरिक अॅसिड आहे. बाटलीवर हे कुठेच नाही. टॅनिक अॅसिडवाले कन्व्हर्टर येतात ते वेगळे, त्यात राळ असते, गंजावर निळसर काळा थर बनून बसतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर प्रायमर चालतो. फॉस्फोरिकवाल्याने गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं हे बरोबर, पण गंजाशी न लागलेलं अॅसिड तिथेच वाळून राहतं, ते धुऊन काढावंच लागतं. इपॉक्सीचा हार्डनर अमाइनचा, म्हणजे अॅसिडच्या उलट, अल्कलीच्या जातीचा, अॅसिडने तोच मारला जातो आणि पत्र्याला लागून असलेला थर कडक व्हायचाच राहतो. जुने पेंटर हे अनुभवाने जाणतात, वाळलेल्या अॅसिडवर परत तेच अॅसिड लावून ते ओलं करतात, वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुतात आणि लगेच गरम हवेने पत्रा सुकवतात. आणि तुम्ही बाटलीवर छापता की धुवायची गरज नाही! बरं, दोन वेगळ्या कंपन्यांचा माल मी आणून एकत्र केला असता तर समजू शकलो असतो, इथे दोन्ही तुमचेच, एकाच खोक्यात, एकाच पत्रकासकट.

अजून एक, जाता जाता. खोक्यात मास्क म्हणून जो कागदी तुकडा दिलाय तो घासताना उडणाऱ्या धुळीला ठीक आहे, थिनरची वाफ त्याने अडत नाही, त्याला कार्बनचं कार्ट्रिजवालं मास्क लागतं. मी माझं वापरलं. पण पत्रकावर तोच कागदी मास्क लावून स्प्रे करणाऱ्या माणसाचा फोटो आहे, तो बघून कोणी बंद गॅरेजमध्ये तसंच करेल.

दुकानदाराला पहिल्यांदा विचारलं तर "साहेब, कंपनीने लखो, हुं तो वेचुं छुं" (कंपनीला लिहा, मी तर विकतो) म्हणून मोकळा झाला. त्याचंही बरोबर आहे म्हणा, लेबल काही त्याने छापलेलं नाही.

आता मला काय हवंय. किटचे 1,850 रुपये परत. शिवाय मऊ प्रायमर पुसायला लागलेलं थिनर, आणि सगळ्या कडा परत नुसत्या पत्र्यापर्यंत आणायचा खर्च, त्याची बिलं जोडली आहेत. या गोंधळात बोनेटवर पुढचा कोट मारायची मुदतही गेली, ते आता 320 ने खरवडल्याशिवाय पुढचा थर धरणार नाही, म्हणजे ज्याचं चांगलं झालं होतं तेही परत घासा. आणि बाटलीवरचं लेबल बदला, आत कुठलं अॅसिड आहे ते लिहा, धुवायची पद्धत लिहा, मराठीत नाही तरी निदान गुजराती-हिंदीत नीट लिहा.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथेच, म्हणजे बडोद्यातच तक्रार करता येते, तुमच्या शहरात चकरा मारायची गरज नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही. वापराची पुरेशी सूचना न देणं हेही त्याच कायद्यात उत्पादकाच्या अंगावर येतं, तुमच्या वकिलाला विचारून घ्या.

"सरफेस तयार केला नसेल" हे उत्तर परत पाठवू नका. बोनेटचे आणि दाराचे शेजारी शेजारी फोटो, बाटलीच्या लेबलचा फोटो आणि बॅच नंबर सोबत आहेत, डब्यात उरलेला प्रायमर आणि बाटली पण ठेवली आहे. तुमच्या लॅबचा माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करून पाठवा, दुपारी चारनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक ग्राहक
अकोटा, बडोदा