मनू, तू आळशी नाहीस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

“अभ्यासात लक्षच लागत नाही, मी आळशीच आहे,” असं परवा म्हणालीस. ते मला पटलं नाही, म्हणून हे लिहितेय.

47 गुणिले 6 तोंडी करून बघ. आधी 240 मनात धरायचे, मग 42 काढायचे, मग बेरीज. 240 धरलेले असतानाच मोबाइल वाजला आणि नुसतं नाव वाचलंस, तरी 240 गेलेच समज. डोक्यात एका वेळी मावतं ते एवढंच. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली अशा एका वेळी धरता येणाऱ्या गोष्टींचा आकडा सातच्या आसपास सांगितला होता; 2001 मध्ये नेल्सन कोवान यांनी तो चारवर आणला. आणि हे सगळ्यांचंच, पहिल्या नंबरात येणाऱ्यांचंसुद्धा!

चॅट करता करता वाचते म्हणतेस, ते खरं तर इकडून तिकडे उड्या मारणं असतं. प्रत्येक उडीत आधीचं काम थोडं डोक्यात रेंगाळतं, अर्धवट सोडलेलं तर जास्तच. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. उत्तर टाइप करायला दहा सेकंद लागतात गं, पण प्रमेयाच्या त्या पायरीवर परत यायला?

त्यात समोरचा मोबाइल मुद्दाम लक्ष ओढून घेईल असा बनवलेला. पूर्वी वेबपान संपायचं, तिथे हात थांबायचा. 2006 मध्ये आझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं, पुढे त्यांनाच त्याची खंत वाटली. शिवाय पुढची रील भारी निघेल की रटाळ, हे आधी कळत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगात बटणावर चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं चोच मारतच राहायची.

मोबाइल वाईट असं मी म्हणणार नाही, तुझे निम्मे धडे त्यातच आहेत. पण नुसता सायलेंटवर टाकून भागत नाही. कुणी हाक मारली नाही तरी आपणच बघायला जातो. म्हणून वाचताना तो दुसऱ्या खोलीत ठेव. मध्येच उठावं लागलं तर पुढची पायरी वहीच्या कडेला खरडून ठेव, म्हणजे परतल्यावर शोधाशोध नको.

अभ्यासाच्या वेळात मीही मेसेज करणार नाही. तुझी वेळ तेवढी कळव.

तुझी,
आई