गणपती आटोपले की निघा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मार्चच्या वणव्यात टेकडीवरची निम्मी रोपं गेली आणि "एकदा उजाड झालेलं रान पुन्हा उभं राहत नाही," असं तुम्ही फोनवर म्हणालात. ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. इथे अमेरिकेत, आमच्या स्टेट कॉलेज गावाच्या अवतीभवती जे जंगल आहे, ते तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहावं. ते जवळजवळ सगळं पुन्हा उभं राहिलेलं आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियाचे हे डोंगर बोडके होते. पाइन लाकडासाठी गेले, हेमलॉक सालीसाठी. कातडी कमावायला ती साल लागायची. मागे पडलेल्या वाळक्या फांद्यांवर आगगाडीची ठिणगी पडली की वणवा. लोक या भागाला 'पेनसिल्व्हेनियाचं वाळवंट' म्हणायचे. जोसेफ रॉथरॉक नावाचे एक डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्रही शिकवायचे. जंगलासाठी ते ठिकठिकाणी व्याख्यानं देत फिरले आणि १८९५ मध्ये राज्याचे पहिले वन आयुक्त झाले. मग कुणालाच नकोशा झालेल्या त्या जमिनी सरकार स्वस्तात घेऊ लागलं. १९३३ नंतर, मंदीच्या काळात, बेकार तरुणांच्या तुकड्यांनी रोपं लावली, रस्ते केले, लाकडी खोल्या बांधल्या. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यांतले २५ थेट आईवडिलांकडे जात. आज राज्याची वनं सुमारे २२ लाख एकर आहेत. आमच्या जवळच्या वनाला रॉथरॉक यांचंच नाव आहे.

आम्ही सगळ्यात जास्त जातो ते ब्लॅक मोशॅनन स्टेट पार्कला. पार्क म्हणजे बाग नव्हे, तळ्याभोवतीचं रानच. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तळ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, दलदलीतल्या शेवाळातून उतरणाऱ्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. उन्हाळ्यात लोक त्यात पोहतात, होड्या वल्हवतात. थंडीत तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि पायवाटांवर स्की करतात. आई, तुझ्या गुडघ्यांची काळजी नको. दलदलीवरून फळ्यांची वाट काढली आहे, तिच्यावरून चाकाची खुर्चीही जाते. कासला बाबांनी आपल्याला गुडघ्यांवर बसवून किडे खाणारा दवबिंदू दाखवला होता ना, त्याचीच भावंडं इथे आहेत, आणि घटपर्णीही.

उन्हाळ्यात या म्हणत नाही. जुलैत बाबा टेकडी सोडून येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. रोपं लावून होऊ देत, गणपती होऊ देत, मग निघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेपल लाल-केशरी होतात, ओक त्यांच्यामागून. तेव्हा उकाडा नसतो, चालायला हवा फार सुरेख असते. गोचिडी मात्र असतात. विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे आणि घरी आल्यावर अंग नीट तपासायचं.

नोव्हेंबरअखेरीस हरणांच्या शिकारीचा मुख्य मोसम सुरू होतो. आईला हे आवडणार नाही, मलाही आधी आवडलं नव्हतं. पण इथे लांडगे उरले नाहीत, आणि हरणं वाढली की कोवळं रोप शिल्लक ठेवत नाहीत. कितीतरी ठिकाणी तोडीनंतर उंच जाळीचं कुंपण घालून वर्षानुवर्षं रोपं जपतात. बाबा, तुमच्याकडे शेळ्या, इथे हरणं. ही कुंपणं तुम्ही बघायलाच हवीत. शिकारीच्या दिवसांत शिकाऱ्यांना दिसावं म्हणून आपणही भडक नारिंगी जाकिटं घालूनच फिरायचं.

दिवाळी इथेच करू. फराळाचं सामान सगळं मिळतं, फक्त भाजणी घरची आण. पहिला बर्फ बघून परत जा.

आई, पायाचं माप कळव, चालायचे बूट इथेच घेते. बाबांनी रोपं कधी लावून होतील तेवढं सांगावं, म्हणजे तिकिटं बघते.

तुमची,
लेक