‘चुंबकीय’ चढाला आधी पाणसळ लावा

संपादक महोदय,

गाडी न्यूट्रलवर सोडली आणि ती आपसूक चढ चढू लागली, असे घाटरस्त्यांवरचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. गोव्यात त्याला खाणींची फोडणी मिळते: डोंगरात लोखंड आहे, ते गाडी ओढते! आपले खनिज मुख्यतः हेमॅटाइट. साधे लोहचुंबकसुद्धा त्याला नीट धरत नाही, मग ते गाडी काय ओढणार? शंका असेल तर त्याच जागी रबरी चेंडू ठेवावा. तोही गाडीच्याच दिशेने घरंगळेल.

लेहजवळची मॅग्नेटिक हिल असो की स्कॉटलंडमधला ‘इलेक्ट्रिक ब्रे’, फसते ती नजर: चढ वाटतो तो खरा उतारच असतो. स्कॉटलंडच्या त्या रस्त्याचा मोजलेला उतार ८६ ला १, म्हणजे १०० मीटरला सव्वा मीटरही नाही. पण डांबरी रस्त्यावर, टायरांत पुरेशी हवा असली, तर गाडी घरंगळायला १ ते दीड टक्का उतार पुरतो. इतका उतार नुसत्या डोळ्याला कळत नाही.

आडवे काय हे डोळा क्षितिजावरून ठरवतो आणि उभे काय हे झाडे-खांबांवरून. किनाऱ्यावर घोटाळा सहसा होत नाही, कारण समोर समुद्राचे क्षितिज असते. ८० मीटर उंचीवरूनही ते खऱ्या पातळीच्या जेमतेम पाव अंश खाली असते. चोर्ला किंवा अनमोड घाटात झाडीने क्षितिज झाकले की समोरची तिरकी डोंगरकडच डोळा आडवी धरून चालतो. तीव्र उताराला लागून सौम्य उतार आला तर तो चक्क चढ भासतो. इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्याचे छोटे नमुने टेबलावर मांडून हे सिद्ध केले; त्यांचा निबंध २००३ चा.

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, हेच दिसते. पायवाट झपाट्याने उतरते, पाट मंद उताराने कडेकडेने जातो आणि पाणी वर चढल्यासारखे वाटते. नदीकाठचे माड उजेडाकडे, पाण्यावर झुकलेले असतात, त्यांना ओळंब्यासारखे सरळ उभे समजू नये. चिऱ्यांची कुंपणेही बघून घ्यावीत. थर रस्त्याला समांतर दोरी धरून रचलेले असतील तर ते उतार लपवतात. पाणसळ (आडवी पातळी दाखवणारे साधन) लावून पायऱ्यांसारखे रचलेले असतील तर तोच उतार उघडा पाडतात.

खात्री करायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरे, १२-१५ मीटर लांबीची. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्याने पाणी ओढून ती भरावी. नळाला लावून जोरात भरली तर बुडबुडे अडकतात आणि काही सेंटीमीटरची चूक सहज होते. दोन्ही टोके प्रथम शेजारी धरावीत. पाणी एका रेषेत आले नाही तर पुन्हा भरावी. मग टोके अंगठ्यांनी बंद करून नळी न्यावी आणि १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या करून जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजावी. वाचताना टोकांवरचे अंगठे काढायला विसरू नये. हीच चूक सर्वांत जास्त होते. एकीकडे १.०२ मीटर आणि दुसरीकडे १.१४ आले, तर दुसरी जागा १२ सेंटीमीटर खाली, उतार १.२ टक्के. जिथे आकडा मोठा तिथे जमीन खाली, हे उलटे वाटते म्हणून लिहून ठेवावे. मोबाइलमधली पाणसळ इथे निकामी: तिची अर्ध्या अंशाची चूक म्हणजेच जवळजवळ ०.९ टक्के. जीपीएसची उंची तर काही मीटरनी चुकते.

हा प्रयोग चालत्या रस्त्यावर गाडी सोडून करू नये. इंजिन बंद असेल तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची मदतही संपते. मागून भरलेला ट्रक येत असतो. भ्रमाचा खरा धोका मात्र रोजच्या चालकाला आहे. सपाट वाटणाऱ्या लांब उतारावर तो गियर खाली घेत नाही, नुसत्या ब्रेकवर गाडी आणतो आणि ब्रेक तापतात. तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याने घाटांतल्या अशा टप्प्यांची मोजणी करून फलकावर नुसते ‘उतार’ न लिहिता टक्केवारी आणि पुढचे अंतरही लिहावे.

आपला,
भूमापनातील एक वाचक, डिचोली