नाकारलेला विमा दावा : तीन वर्षे आधी मोजा

महोदय,
घरातला माणूस गेल्यावर ‘आजार लपवला’ असे कंपनीचे पत्र आले की गोव्यातली कित्येक कुटुंबे तिथेच हात टेकतात. विमा कायद्याचे कलम 45 (2015 ची दुरुस्ती) त्यांनी जरूर पाहावे. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला कोणत्याही कारणास्तव आयुर्विम्याच्या पॉलिसीला आव्हान देता येत नाही. मात्र हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली असेल, तर ही मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात. बहुतेकांची गफलत इथेच होते.

तीन वर्षांच्या आतला दावा असेल तर नकाराची कारणे आणि पुरावा कंपनीकडे लेखी मागा. बऱ्याचदा सारा डोलारा केसपेपरवरच्या ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ अशा एका ओळीवर उभा असतो. धावपळीत नातेवाइकाने अंदाजे सांगितलेले ते वाक्य म्हणजे निदान नव्हे. म्हणून इस्पितळातून पूर्ण केसपेपर आणि जुने रक्ततपासणीचे अहवाल काढा, पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जाच्या प्रतीशी ताडून पाहा. अर्ज एजंटाने भरला असेल तर तेही नमूद करा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, पोच ठेवा. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार कायम, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. शुल्क नाही, वकील लागत नाही. भरपाईची मर्यादा 50 लाख. त्याहून मोठ्या रकमेसाठी ग्राहक आयोग आहे. तिथे मुदत दोन वर्षांची.

– एक वाचक, फोंडा