वॉरस्पाइट आणि तिच्या गोद्या

रविवारच्या पुरवणीतला ‘वॉरस्पाइट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचा लेख वाचला. नार्विक, मटापान, नॉर्मंडी, सगळ्या लढाया आल्या. पण माझी उभी हयात मुंबईच्या गोदीत जहाजांची सुकाणू-यंत्रणा दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे काही गोष्टी खटकल्या.

१९१६ साली जटलंडच्या समुद्री लढाईत ती जर्मन तोफांसमोर गोल गोल फिरली, ते लेखात शौर्य म्हणून रंगवलंय. अहो, त्यात कप्तानाचा काही इलाजच नव्हता! शेजारच्या जहाजावर आदळू नये म्हणून भर वेगात सुकाणू गर्रकन फिरवलं, त्यात तोफगोळ्याचा हादरा बसला आणि ते अडकलं. जर्मनांनी मोडक्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश जहाजाला सोडून हिच्यावर मारा वळवला, म्हणून तिथले शेकडो खलाशी वाचले, हे मात्र खरं. पुढे रोसाइथच्या गोदीने तिला पुन्हा उभी केली.

१९३४ ते ३७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत तिची इंजिनं आणि बॉयलर बदलले. तोफा पूर्वी २० अंशांपर्यंतच उचलता येत, त्या ३० अंशांपर्यंत उचलतील अशा केल्या, म्हणजे गोळा आणखी लांब जाई. जुलै १९४० मध्ये कॅलाब्रियाजवळ तिने सुमारे २४ किलोमीटरवरून इटलीच्या ‘जुलिओ चेझारे’ या युद्धनौकेवर गोळा बसवला, तो या कामाच्या जोरावर. त्याच लढाईतल्या ‘मलाया’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या तोफांना हा बदल नव्हता. तिचे गोळे शत्रूपर्यंत न पोहोचता समुद्रात पडले. तोफची म्हणून मलायाची माणसं काय कमी होती?

क्रीट बेटापाशी वॉरस्पाइटला बॉम्ब लागल्यावर तिची दुरुस्ती अमेरिकेत ब्रेमर्टनला झाली. मग हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांचं निशाण घेऊन ती एप्रिल १९४२ मध्ये आपल्या मुंबईलाही येऊन गेली. मुंबईच्या वर्तमानपत्राने हे गाळावं, याचं नवल वाटलं.

१६ सप्टेंबर १९४३ ला इटलीतल्या सालेर्नोपाशी रेडिओने वळवता येणारा जर्मन बॉम्ब वरून शिरला, बॉयलर रूममध्ये फुटला आणि तळ फाटला. ओढत माल्टाला नेली. त्यानंतर ती कधीच धड झाली नाही. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत आठांपैकी सहाच मोठ्या तोफा चालत होत्या. तरी पहाटे तोफा डागणाऱ्यांत ती होती.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा अ‍ॅडमिरलांच्या फोटोंबरोबर एखादा गोदीचाही छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त गोदी कामगार, लालबाग, मुंबई