सासू खरी वाटली तरच हशा येतो

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

रीमा लागूंच्या आठवणीत तुम्ही कार्यक्रम करताय आणि त्यातल्या प्रवेशात सासू तू करते आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. तालमीच्या वहीत ठेव.

१८ मे २०१७ ला त्या गेल्या तेव्हा वय होतं अवघं अठ्ठावन्न. 'नामकरण' मालिकेचं काम तेव्हाही चालूच होतं. त्या दिवशी जिकडेतिकडे एकच शब्द होता, 'आई'. 'मैंने प्यार किया'मधली सलमान खानची आई, 'वास्तव'मधली संजय दत्तची आई. त्या आया त्यांनी केल्याच, आणि उत्तम केल्या. पण त्यात त्यांच्यातली विनोदी नटी मागे पडली, आणि ते मला मनापासून खटकतं. १९९४ साली सुरू झालेल्या 'श्रीमान श्रीमती'तली कोकी आणि 'तू तू मैं मैं'मधली सासू देवकी, या दोन भूमिकांनी त्यांनी घराघरांत लोकांना हसवलं. तुमच्या कार्यक्रमात ती बाजू पुढे येऊ दे.

आधी वयाचं बघ. रीमाताईंचा जन्म १९५८चा आणि संजय दत्तचा १९५९चा, म्हणजे 'वास्तव'मधला मुलगा त्यांच्याहून वर्षभरानेच लहान. 'तू तू मैं मैं' सुरू झाली तेव्हा त्या छत्तिशीत होत्या आणि सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर सत्ताविशीत. नऊ वर्षांचं अंतर, तरी सासू-सून म्हणून कोणाला शंका आली नाही. तू तेविसाची आहेस. सासू करायची म्हणून पाठीत वाकशील, आवाज थरथरवशील, केसांना पांढरी पावडर लावशील, तर पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकाला नाटक दिसेल. पन्नाशीची बाई वाकत नाही. बदलतात त्या लहान गोष्टी. खुर्चीत बसण्याआधी तिचा हात खुर्चीच्या हातावर जातो. कोणी हाक मारली की आधी मान वळते, मग खांदे, मग बाकीचं अंग. तुमच्या वयाच्या मुली अख्ख्या एकदम वळतात. आणि सासू वस्तूकडे जात नाही, वस्तू तिच्याकडे येते. पाण्याचा पेला हवा असेल तर ती हात पुढे करते आणि थांबते. एवढं केलंस तरी दहा-पंधरा वर्षं चढतील, बाकीचं काम साडीवर सोड.

आता मुख्य गोष्ट. रीमाताई विनोद 'करत' नव्हत्या. त्यांच्या सासूला स्वतःवर होणारा अन्याय खरोखर अन्याय वाटायचा. 'श्रीमान श्रीमती' पुन्हा बघ. अशोक पाटोळेंच्या त्या लेखनात जतीन कनाकियांचा केशव, राकेश बेदींचा दिलरुबा आणि अर्चना पूरण सिंगची प्रेमा शालिनी, तिघंही भडक रंगातली माणसं. त्यांच्यात कोकी साधी, घर सांभाळणारी, सरळ मनाची. तिनेही आवाज चढवला असता, डोळे मोठे केले असते, तर नुसता गोंगाट झाला असता. ती खरी राहिली म्हणून बाकीचे तिघे विनोदी दिसले. हे बळ कुठून आलं? त्यांची आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, आणि स्वतः रीमाताईंनी जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका केलेली, 'सविता दामोदर परांजपे' केलेलं. गंभीर नाटकात प्रत्येक वाक्यामागे कारण लागतं. विनोदातही त्यांनी ते कारण कधी सोडलं नाही.

हे बघून शिकायचं असेल तर एकच भाग तीनदा बघ. पहिल्यांदा आवाज बंद करून, फक्त त्यांचा चेहरा. समोरचा बोलत असताना त्या काय करतात ते वहीत लिहून काढ. दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून, फक्त आवाज. कुठल्या शब्दावर वजन आहे, श्वास कुठे घेतला आहे. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. मागून लावलेल्या हशावर विसंबू नकोस, तो संकलनात चिकटवलेला असतो. जिवंत प्रेक्षक तिथेच हसेल असं नाही.

तुमच्या प्रवेशातलं ते चहाचं वाक्य घेऊ. तू पाठवलेल्या संहितेत असं आहे: 'असेल तर मला अर्धा कप चहा तेवढा द्या.' हे मेलेलं वाक्य आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि गमतीचा शब्द, इथे 'असेल तर', त्याच्या कितीतरी आधी येऊन बुडून जातो. हशा हवा तर गमतीचा शब्द शेवटाला आण: 'मला काही नको. अर्धा कप चहा द्या.' मग श्वासभर थांबून, 'तोही असेल तर.' शब्द जवळजवळ तेच, पण आता टोमणा शेवटी आला. असा बदल लेखकाला विचारूनच करायचा. आणि 'तोही असेल तर' हे खाली पडत्या आवाजात म्हणायचं, पण गिळायचं नाही. नवशिक्यांचा नव्वद टक्के हशा इथेच जातो: वाक्याचं शेपूट मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. अर्थात शब्द जागेवर बसले तरी मनात कारण हवंच. या बाईला खरंच वाटतंय की घरात आपल्यासाठी चहा उरला नसेल. तू गंमत म्हणून म्हणालीस की संपलं.

कपाचंही नीट ठरव. रिकामा कप घेऊ नका. तो हलका असल्याने हात भरकन वर जातो आणि पहिल्या रांगेला कळतं. कोमट चहा, अर्धा कप. भरलेला कप बशीत सांडतो आणि मग सगळं लक्ष बशीत. घोट वाक्याच्या आधी घ्यायचा आणि गिळून टाकायचा. तोंडात चहा असताना हशा आला तर ठसका लागतो. कप बशीवर ठेवल्याचा 'टक्क' आवाज शेवटच्या शब्दावर आला तर शब्द खातो, म्हणून शब्द संपल्यावर एक ठोका जाऊ दे, मग कप ठेव. तो 'टक्क' सुनेकडे न बघता ठेवायचा. तिच्याकडे नंतर बघ.

हशा आला की काय करायचं? थांबायचं, पण पुतळा होऊन थांबायचं नाही. मनात आधीचाच विचार चालू ठेव, पदर सारखा कर, बशी सरळ कर. हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरतो. तो उतरून पाव राहिला की पुढचं वाक्य टाक. टोकावर बोललीस तर वाक्य वाया जातं आणि प्रेक्षक पुढच्या वेळी हसायला बिचकतो, कारण आपण हसलो तर ऐकू येत नाही हे त्याला कळतं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलीस तर प्रवेश खाली बसतो. छोट्या हॉलमध्ये हा सगळा प्रकार दोन-अडीच सेकंदांचा, भरलेल्या नाट्यगृहात चार-पाच सेकंदांचा. आणि जिथे हशा अपेक्षित होता तिथे आला नाही, तर थांबूच नकोस. वाट बघणारा नट लगेच दिसतो.

सुनेचं काम करणाऱ्या मुलीला माझा निरोप दे: तुझा पंच, म्हणजे हशा आणणारं वाक्य, तिच्या उचलीवर, म्हणजे त्याआधीच्या तिच्या वाक्यावर, उभा आहे. तिचा प्रश्न ऐकू आला नाही तर तुझ्या उत्तराला कोणी हसणार नाही. तुझ्या पंचावर तिने हलायचं नाही, केस मागे घ्यायचे नाहीत, पाऊलही टाकायचं नाही. रंगमंचावर जो हलतो त्याच्याकडे डोळे जातात.

दहा-बारा तालमी झाल्या की तुम्हाला कोणालाच हसू येईनासं होईल, आणि मग कोणीतरी ॲडिशन घ्यायला, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं पदरची घालायला लागेल. इथे बरेच प्रवेश बिघडतात. विनोद शिळा झालेला नसतो, तुम्ही तो फार वेळा ऐकलेला असतो. दिग्दर्शकाला सांगून ॲडिशन पहिल्याच दिवशी बंद करा. उलट एक पूर्ण तालीम कुजबुजत घ्या, एक दुप्पट वेगाने. अर्थ पुन्हा कानावर येतो. प्रयोगात तुलाच हसू फुटायला लागलं तर श्वास आत घेऊ नकोस, हळूच पूर्ण बाहेर सोड, आणि सुनेच्या डोळ्यांऐवजी कपाळाकडे बघ.

माइक कॉलरचे असतील तर पदर डाव्या खांद्यावर म्हणून माइक उजवीकडे, हनुवटीपासून वीतभर खाली. मंगळसूत्र लांब घेऊ नकोस, ते माइकवर घासतं आणि स्पीकरमधून खरखर येते. काचेच्या बांगड्यांऐवजी दोन पाटल्या घाल.

चित्रफितीचं जो मुलगा बघतोय त्याला दोन गोष्टी नक्की सांग. त्या मालिका जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीतल्या आहेत. पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणलं की चेहरा रुंद होतो. रीमाताईंचा सगळा खेळ डोळ्यांत आणि ओठांच्या कडेला, तोच बिघडतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, चित्र थोडं लहान दाखवा, पण जसं आहे तसं. दुसरं, तुकडा पंचवर कापू नका. सगळे तिथेच कापतात. त्यांचं खरं काम पंचनंतर, समोरच्याचं ऐकून घेतानाच्या चेहऱ्यात असतं. उचलीच्या आधीची वीस-तीस सेकंदं ठेवा, म्हणजे भांडण कशावरून आहे ते कळेल, आणि नंतरची सहा-सात सेकंदं तरी. एकूण तीन तुकडे पुरेत, प्रत्येकी दीड-दोन मिनिटांचे. परवानगी आधी घ्या. प्रवेश नवीन लिहिलेला आहे, तेव्हा संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, वेळेत पाठवा. शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

क्रमही बदला. तुझ्या यादीत आधी तीन भाषणं, मग प्रवेश आहे. पाऊण तास हळहळ ऐकलेला माणूस हसायला तयार नसतो, हसलं तर बरं दिसेल का असं त्याला वाटतं. पडदा उघडताच प्रवेश करा, मग चित्रफीत, मग एकच भाषण, दहा मिनिटांचं. फोटो विंगेजवळ बाजूला ठेवा आणि काच काढून ठेवा, नाहीतर समोरचा दिवा काचेत दिसतो, चेहरा दिसत नाही. चित्रफितीखाली बासरी किंवा सारंगी लावू नका. त्यांच्या आवाजातलं भांडण ऐकू येऊ दे.

पाठांतर झालं की रविवारी सकाळी फोन कर. सुनेची वाक्यं मी देते, तू सासूची म्हण. फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे शेपूट कुठे पडतंय ते मला लगेच कळेल.

तुझी,
आई